डिचोलीच्या रेषेवरचं बेट

लग्नाच्या दुसऱ्या सहीसाठी डिचोलीच्या कचेरीकडे निघताना भाचा गाडीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "मामा, जूनमध्ये आम्ही कॅरिबियनला जातोय."

"कुठल्या बेटावर?"

"कॅरिबियनला."

एखाद्यानं 'कोकणात जातो' म्हणून सांगावं आणि डहाणू की वेंगुर्लं हे ठरलेलंच नसावं, तसलं हे उत्तर. त्रिनिदादपासून क्युबाच्या पश्चिम टोकापर्यंत अडीच हजार किलोमीटरांहून जास्त अंतर आहे. मधे शेकडो बेटं, इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच, डच अशा चार साहेबांच्या भाषा, आणि प्रत्येक देशाचा परदेशी माणसाला आत घेण्याचा कायदा वेगळा. भाच्यानं मोबाइलवर एक चित्र पाहिलं होतं: वाकलेला माड, पांढरी वाळू, निळं पाणी. चित्राखाली बेटाचं नाव नव्हतं. महिना तर नव्हताच.

लाटंबार्सेच्या माणसानं माडाचं चित्र बघून हुरळून जावं, याचं त्याच्या आजीला फार नवल. आमचा गाव गोव्यात असला तरी किनाऱ्याचा नव्हे. दोडामार्गाच्या हद्दीला लागून असलेला, काजू-माड-पोफळीचा, डोंगरउताराचा. दर्या बघायचा तर बार्देश नाही तर पेडणे गाठावं लागतं. तरीही आजी म्हणाली ते खरंच: दर्या बघायला सात दर्ये ओलांडायचे?

मी नकाशा काढला. डिचोलीच्या बाजारावर बोट ठेवून सरळ पश्चिमेला नेलं. अरबी समुद्र ओलांडून येमेन, मग लाल समुद्र, सुदानातलं खार्तूम, सहाराची दक्षिण कड, सेनेगल, केप व्हर्डची बेटं, पुढे अख्खा अटलांटिक, आणि पलीकडच्या काठाला लागतं डॉमिनिका. त्या बेटाच्या उत्तरेला पोर्ट्समथ नावाचं लहानसं गाव आहे. डिचोली साधारण १५.६ अंश उत्तरेला आणि पोर्ट्समथही तिथंच. दोन्हीकडे सूर्य माथ्यावर येतो तो त्याच दिवसांत. अंतर मात्र जवळजवळ १४ हजार किलोमीटर, आणि तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेनऊ तास.

या रेषेनं पुढे आमच्या बेतात बरीच कामं केली. कारण केप व्हर्डपासून पुढे नारळ तिकडे गेला तो बराचसा याच वाटेनं, आणि वादळंही तिकडे जातात ती याच वाटेनं.

आधी महिना. बहुतेक जोडपी उलटी सुरुवात करतात: आधी स्वस्त तिकीट, मग हॉटेल, मग 'तिकडे पाऊस असतो का हो?' जूनमध्ये तिकीट स्वस्त दिसतं त्याला कारण आहे. अटलांटिकमधल्या हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास येतो. आपल्याला याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. २९ जून २०२४ला बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर रोहित शर्माच्या संघानं ट्वेंटी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला, रोहितनं खेळपट्टीवरची माती जिभेला लावली, आणि मग जगज्जेता संघ हॉटेलात अडकून पडला. 'बेरिल' येत होतं. विमानतळ बंद. खास विमान पाठवून संघाला ४ जुलैला दिल्लीत आणावं लागलं, आणि मरीन ड्राइव्हची ती मिरवणूक त्याच संध्याकाळी निघाली. बेरिलनं बार्बाडोसला बाजूनं घासलं. ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर ते १ जुलैला थेट चढलं आणि तिथं उभं असं फार काही ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी ते पाचव्या श्रेणीचं झालं. अटलांटिकच्या नोंदींत इतक्या लवकर इतकं मोठं वादळ झालेलं नव्हतं. संघासाठी विमान पाठवायला क्रिकेट मंडळ होतं. लाटंबार्सेच्या जोडप्याला कोण पाठवणार?

ही वादळं जन्मतात कुठे, हे समजून घेतलं की पंचांग आपोआप समजतं. उन्हाळ्यात पश्चिम आफ्रिकेवरून हवेच्या लाटा पश्चिमेला सरकत समुद्रावर येतात. केप व्हर्डच्या जवळपास समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं असलं आणि वरच्या थरातले वारे शांत असले, तर एखादी लाट गरगरायला लागते. व्यापारी वारे तिला पुढे ढकलतात, आणि आठवडाभरात ती कॅरिबियन बेटांच्या दारात उभी. आपल्याकडे अरबी समुद्र तर याहून तापलेला असतो, मग आपल्याला जुलैत चक्रीवादळ का नाही? कारण मोसमी पावसात खालचा वारा एका दिशेचा आणि वरचा त्याच्या उलट. वादळाचा खांब उभा राहण्याआधीच कापला जातो. म्हणून आपली वादळं पावसाच्या अलीकडे-पलीकडे येतात. मे २०२१मधलं 'तौक्ते' आठवत असेल, गोव्यात कितीतरी दिवस वीज नव्हती. तिकडे पावसाळा आणि वादळ हातात हात घालून येतात. 'हरिकेन' हा शब्दच मुळात तिथल्या मूळ रहिवाशांच्या, टायनो लोकांच्या भाषेतला. त्यांना तो लागला, यातच सगळं आलं.

म्हणजे जून गेला. सप्टेंबरही गेला, आणि तसाही तो गेलाच होता, कारण गणेश चवथीला गोव्यातला माणूस घर सोडून कुठे जात नाही, दुबईतला सुद्धा परत येतो. तिकडचा कोरडा हंगाम डिसेंबर ते मे. त्यात डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत अमेरिका-कॅनडाची थंडीनं गारठलेली माणसं येतात आणि हॉटेलांचे दर चढतात. एप्रिल संपता संपता गर्दी ओसरते, दर उतरतात, वादळ अजून महिनाभर लांब. मुंबई-पुण्याच्या जोडप्याला मी डोळे मिटून सांगेन, मेचा पहिला पंधरवडा धरा.

पण भाच्याची काजूची बागायत आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून बोंडू पडायला लागतात ते मेपर्यंत. पहाटे उठून वेचायचे, बी वेगळी करायची, बोंडू मळून रस भाटीला लावायचा. पहिल्या धारेचा हुर्राक एप्रिलात संपून जातो. एक दिवस वेचणी चुकली तर खाली सडा पडून आंबतो आणि गुरं येऊन खातात. या दिवसांत नवरा-बायको दोघंही पंधरा दिवस गायब, हे भाऊबंदांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं असतं. असं खोडत खोडत उरला जानेवारीचा दुसरा पंधरवडा. नाताळ-नवीन वर्षाचे चढे दर तोवर थोडे खाली बसतात. संक्रांत घरी झालेली असते. नवी नवरी नाराज झाली नाही, उलट म्हणाली, "मामा, सात महिने मिळाले, व्हिसाचं काम तरी नीट होईल."

ते काम खरंच सात महिन्यांचं निघालं असतं, जर बेट चुकीचं निवडलं असतं तर.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा न घेता पर्यटक म्हणून जाता येतं अशी कॅरिबियन बेटं बरीच आहेत: बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद आणि टोबॅगो, डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट, सेंट किट्स. या सगळ्या इंग्रजांच्या जुन्या वसाहती. परतीचं तिकीट, राहण्याची सोय, हाताशी पैसे आणि किमान सहा महिने शिल्लक असलेला पासपोर्ट एवढं दाखवावं लागतं. उलट मेक्सिकोचं कँकून, बहामा, डॉमिनिकन रिपब्लिक इथं व्हिसा लागतो. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मात्र ही दारं उघडतात. मार्टिनिक आणि ग्वादलुप हे तर फ्रान्सचेच जिल्हे. गंमत अशी, की साधा शेंगेन व्हिसा तिथं आपोआप चालत नाही, त्या प्रदेशांसाठी म्हणून वेगळा मागावा लागतो. डॉमिनिकाहून दोन्हीकडे फेरीबोट सुटते. समोर बेट दिसतंय, बोट स्वस्त आहे, म्हणून चढायला जावं आणि धक्क्यावरच अडकावं, असा तो सापळा आहे.

डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन वेगळे देश आहेत, हेही इथंच सांगून टाकतो. कोलंबस दुसऱ्या फेरीत ३ नोव्हेंबर १४९३ला पहिल्याच्या नजरेच्या टप्प्यात आला. तो रविवार होता, म्हणून बेटाचं नाव 'डॉमिनिका'. दुसरा देश शेकडो मैल पश्चिमेला, हैतीच्या शेजारी, स्पॅनिश बोलणारा. तिकीट काढताना नाव घाईत वाचलं तर सामान एका देशात आणि हॉटेल दुसऱ्यात.

बेटावर व्हिसा नको, पण वाटेवर हवा, ही खरी ग्यानबाची मेख. मोपाचा मनोहर विमानतळ जानेवारी २०२३मध्ये सुरू झाला आणि आमच्या भागाला विमान शेजारच्या तालुक्यात आलं. पण मोपाहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून युरोप किंवा अमेरिका, आणि मग बेट, असेच टप्पे करावे लागतात. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असेल तरी व्हिसा लागतो. तिथं 'बाहेर पडत नाही हो' हे कारण चालत नाही. गोव्याच्या माणसाला त्यासाठी मुंबईतलं वकिलातीचं कार्यालय गाठावं लागतं आणि मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत काजूचा एखादा हंगाम जाऊ शकतो. लंडनमार्गे जायचं तर विमानतळाच्या आतच राहणाऱ्या भारतीयालाही साधारणपणे ट्रान्झिट व्हिसा लागतो. शिवाय लंडनला विमानतळ एक नाही. मुंबईचं विमान हीथ्रोला उतरलं आणि बार्बाडोसचं गॅटविकहून सुटणार असलं, तर मधल्या रस्त्यासाठी ब्रिटनमध्ये रीतसर प्रवेश करावा लागतो, म्हणजे व्हिसाचा प्रकारच बदलतो. स्वस्त तिकिटांत हा घोळ हमखास असतो. म्हणून दोन्ही विमानं एकाच विमानतळावरून आणि एकाच तिकिटावर, एवढा आग्रह मी धरला. हजारभर रुपये वाचवण्यासाठी इथं डोकं लढवू नये. आणि हे सगळे नियम सरकारं बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याच्या आदल्या दिवशी त्या त्या देशाच्या अधिकृत पानावर पुन्हा एकदा बघावेत.

व्हिसाच्या अर्जांत जोडप्याला लग्नाचा दाखला मागतात. महाराष्ट्रातली मित्रमंडळी त्यासाठी लग्नानंतर धावपळ करतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे ते काम भटजींच्या आधीच झालेलं असतं: पहिली सही इराद्याची, दुसरी लग्नाची. दाखला कपाटात तयार. गोव्यात आणखी एक तऱ्हा आहे. आजोबा पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले म्हणून लिस्बनला जन्मनोंद करून युरोपचा पासपोर्ट काढलेली घरं आमच्या आसपासही सापडतील. त्यांना वाटेतल्या या भानगडी बहुतेक नाहीत. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. सुट्टीसाठी म्हणून कुणी असा पासपोर्ट काढत नाही आणि काढूही नये.

आता बेट. इथं आजीच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, कारण तिकडचा समुद्र आणि आपला समुद्र पाणी म्हणून सारखे असले तरी स्वभावानं वेगळे. आपल्या किनाऱ्यावर तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी अशा नद्या लाल माती आणून ओततात. त्यात उधाणाच्या भरतीला पाणी दोन मीटरांवर चढतं-उतरतं, गाळ सारखा ढवळला जातो. म्हणून आपलं पाणी हिरवट, गढूळ, आणि म्हणूनच मासळीनं भरलेलं. बार्बाडोससारखं बेट प्रवाळाच्या चुनखडीचं. पावसाचं पाणी दगडात मुरतं, नावाजण्यासारखी नदी नाही, गाळ नाही. त्यामुळे उजेड तळाच्या पांढऱ्या वाळूपर्यंत जातो आणि निळा होऊन परत येतो. ती वाळूही दगडाची नव्हे. प्रवाळ, शिंपले यांचा चुरा, आणि त्यात पोपटमाशाचा मोठा हात, कारण तो प्रवाळ चावतो आणि जे पचत नाही ते बारीक वाळू म्हणून मागे सोडतो. नवविवाहितांची अनवाणी छायाचित्रं ज्या वाळूवर काढली जातात, तिचा काही भाग माशाच्या पोटातून आलेला असतो हे भाचेसुनेला सांगितल्यावर तिनं फोन खाली ठेवला.

कॅरिबियन समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक हातभर. संध्याकाळी जिथं चपला ठेवल्या तिथंच सकाळी सापडतात. आपल्या हरमलच्या किनाऱ्यावर ही चैन नाही.

पण हे सगळं बेटाच्या एका बाजूचं. व्यापारी वारे बारा महिने ईशान्य-पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे प्रत्येक बेटाला तोंड आणि पाठ असते. पूर्वेचा किनारा वाऱ्याच्या तोंडावर: मोठ्या लाटा, ओढ, बघायला भव्य, पोहायला नको. पश्चिमेचा किनारा आडोशाचा: पाणी तळ्यासारखं. २०११पासून यात एक नवी अडचण आली आहे. 'सरगॅसम' नावाचं तरंगतं तपकिरी शेवाळ मध्य अटलांटिकमधून थव्याथव्यानं येऊन मुख्यतः पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर पडतं, कुजतं आणि नासक्या अंड्यासारखा वास सुटतो. त्याचा जोर वसंत ते उन्हाळा. जानेवारीत पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्याला सहसा त्याचा त्रास नाही. हॉटेलच्या पानावर 'सागरदर्शन' लिहिलेलं असतं. तो सागर कुठल्या दिशेचा, हे नकाशावर आपण बघायचं.

वादळाची फारच धास्ती असेल, किंवा सुट्टी ऑगस्टातच मिळत असेल, त्यांच्यासाठी दक्षिणेची बेटं आहेत. अरुबा, बोनेअर, कुरासाव ही तिन्ही बारा अंशांच्या आसपास, व्हेनेझुएलाच्या समोर, आणि वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या खाली. तिथं वादळ येतच नाही असं नाही, पण क्वचित. जमैकाचं चित्र वेगळं. २८ ऑक्टोबर २०२५ला 'मेलिसा' पाचव्या श्रेणीचं वादळ म्हणून त्या बेटाच्या नैर्ऋत्येला चढलं. अशा ठिकाणी जाताना रस्ते, वीज, हॉटेल सावरली का, हे आधी विचारावं. सावरलं असेल तर जरूर जावं. पर्यटकाचा पैसा तेव्हाच त्यांच्या कामाचा असतो.

शेवटी ठरलं ते असं. आधी सहा दिवस बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्यावर, मग छोट्या विमानानं डॉमिनिका, चार दिवस. दोन्हीकडे व्हिसा नको, दोन्हीकडे इंग्रजी, दोन्हीकडे वाहनं आपल्यासारखी डावीकडून. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, असा सरळ हिशेब. डॉमिनिकात पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो, २.७० ला एक अमेरिकन, आणि हा दर १९७६पासून हललेला नाही. बार्बाडोसला केन्सिंग्टन ओव्हल बघायचंच, आणि तेही फक्त रोहितसाठी नको. १९७१च्या दौऱ्यात त्याच मैदानावर दिलीप सरदेसाईंनी दीडशे केल्या होत्या. त्याआधी किंग्स्टनला २१२. मालिकेत ६४२. गावसकरांच्या ७७४ धावांवर त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरनं कॅलिप्सो रचला, म्हणून तो दौरा सगळ्यांना गावसकरांचा म्हणून आठवतो. पण त्या दौऱ्याची पहिली काडी लावली ती मडगावात जन्मलेल्या माणसानं. गोव्यानं त्याचा पुरेसा अभिमान बाळगला नाही, असं माझं जुनं म्हणणं आहे.

डॉमिनिका हे बार्बाडोसच्या अगदी उलट. ज्वालामुखीचं, उभ्या डोंगरांचं, दाट रानाचं, नद्यांचं. वाळू काळसर, पुळणी थोड्या. नुसत्या पुळणीसाठी जाणाऱ्यानं तिकडे फिरकू नये. १८ सप्टेंबर २०१७च्या रात्री 'मारिया' पाचव्या श्रेणीचं होऊन या बेटावरून गेलं आणि रान सोलून निघालं होतं. ते पुन्हा हिरवं झालं आहे. तिथं डोंगरात एक उकळतं तळं आहे, खालच्या वाफेनं भाताच्या पेजेसारखं खदखदणारं. जाऊन-येऊन अख्खा दिवस चालायची तयारी हवी. समुद्रात स्पर्म व्हेल बारमाही दिसतात. पूर्व किनाऱ्यावर बेटाच्या मूळ रहिवाशांचा, कॅलिनागो लोकांचा प्रदेश आहे, १९०३पासून त्यांच्यासाठी राखलेला. आणि पोर्ट्समथला, आमच्या त्या रेषेवर, 'इंडियन रिव्हर' नावाची नदी. हे 'इंडियन' आपण नव्हे, कोलंबसाच्या चुकीतले. तिथं वल्ह्यांची होडी नदीत आत नेतात. दोन्ही काठांवर भिंतीसारख्या मुळ्या पसरलेली झाडं, खोडाला चीर दिली की लाल रस येणारी. ती आपल्या असणा या झाडाची भावकी, एकाच टेरोकार्पस प्रजातीतली. लाटंबार्सेच्या माणसानं सात समुद्र ओलांडून असणा बघायचा म्हणजे गंमतच.

त्रिनिदाद आम्ही मुद्दाम गाळलं, आणि त्याचं कारण सांगण्यासारखं आहे. खरं तर भारतीयाला सर्वांत जवळचं तेच बेट. ३० मे १८४५ला 'फतेल रझाक' जहाजातून पहिले करारबद्ध मजूर तिथं उतरले, बहुतेक भोजपुरी मुलुखातले. आज बाऱ्यांत चणे घालून विकले जाणारे 'डबल्स' हा तिथला नाष्टा आहे. शिवाय फेब्रुवारी-मार्चचा कार्निवल, आपल्या पणजीच्या कार्निवलच्याच दिवसांत आणि त्याच्या कितीतरी पट. पण त्रिनिदाद हा पीतज्वराचा, यलो फिव्हरचा, प्रदेश मानला जातो. तिथून भारतात परतताना लशीचा दाखला नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवतात. हा सरकारी आडमुठेपणा नव्हे. या रोगाचा विषाणू ज्या डासातून पसरतो तो एडिस डास, डेंग्यूचा तोच, आपल्या अंगणातल्या करवंटीतही आहे. विषाणू मात्र आशियात कधी मुक्कामाला आलेला नाही. एक आजारी प्रवासी आणि कोट्यवधी प्रतिकारशक्ती नसलेली माणसं, असं ते गणित. डासाचा संशय १८८१मध्ये मांडला तो कॅरिबियनमध्येच, क्युबाच्या कार्लोस फिनले या डॉक्टरनं. वीस वर्षं कुणी ऐकलं नाही.

लस एकच, जन्मभराची. पण दाखला लागू होतो दहा दिवसांनी. गोव्यात ती मुरगावला बंदर आरोग्य कार्यालयात मिळते. ती जिवंत विषाणूची असल्यामुळे गरोदरपणात आणि साठीपुढे डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. नव्या जोडप्याला जानेवारीची खात्री मेमध्ये कशी देता येणार? भाचेसुनेनंच तो मुद्दा काढला आणि त्रिनिदाद यादीतून गेलं.

गावातला एक मुलगा क्रूझवर आहे, मायामीहून सुटणाऱ्या. आमच्याकडे 'बोटीवर असतो' म्हटलं की पुढे विचारावं लागत नाही. कॅरिबियनची बंदरं गोव्यातल्या जितक्या पोरांनी पाहिलीत तितकी कुठल्या प्रवासी लेखकानं पाहिली नसतील. त्याचा आग्रह क्रूझचा. सात रात्री, चार बेटं, जेवण-खोली एकत्र. अमेरिकेचा व्हिसा हाताशी असेल तर हिशेबात ते खरंच परवडतं. पण बोट सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते. बेटाचा बाजार दिसतो, बेट दिसत नाही. त्यानंच कबूल केलं, आठ वर्षांत त्यानं एकाही बेटावर रात्र काढलेली नाही.

मग आजीसाठी माडाची गोष्ट सांगितली. २०११मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या नारळांची जनुकं तपासली तेव्हा दोन घराणी निघाली: एक प्रशांत महासागराचं, दुसरं हिंदी महासागराचं, म्हणजे दक्षिण भारत, लंका, मालदीव, लक्षद्वीप इकडचं. कॅरिबियनचे माड या दुसऱ्या घराण्यातले. कोलंबसाच्या वेळी तिथं माड नव्हता. पोर्तुगीजांनी आपल्या बाजूचे नारळ आधी केप व्हर्डला नेऊन लावले, तिथून ते अटलांटिकपार गेले. त्या चित्रातला वाकलेला माड आपलाच, आणि ज्याला तिकडची सहल समजून लाखो रुपये मोजायचे तो देखावा निम्मा इकडूनच गेलेला. आंबाही तसाच. १७८२मध्ये इंग्रजांनी एक फ्रेंच जहाज पकडलं, त्यातली क्रमांक घातलेली कलमं जमैकात लावली. 'नंबर इलेव्हन' नावाचा आंबा तिथं अजून आहे, आणि 'बॉम्बे' नावाचाही. मानकुराद खाऊन वाढलेल्यानं त्यांना किती गुण द्यायचे ते चाखून ठरवावं. उलट दिशेनं आलेलं तर विचारूच नका. काजू ब्राझिलचा. पपई त्याच बाजूची. 'बटाटा' हा शब्द टायनो भाषेतला, पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आला. तिथं 'कॅललू' मागितलं तर ताटात येईल ते अळूचं फतफतं, नारळाच्या दुधातलं.

एका झाडाची मात्र ओळख करून जायला हवी. पुळणीवर उगवणारं मँचिनील: लहान हिरवट सफरचंदासारखं फळ, गोड वास. फळ खाल्लं तर घसा भाजतो, आणि पावसात त्याखाली आडोसा घेतला तर गळणाऱ्या पाण्यानं अंगावर फोड येतात. पुष्कळ ठिकाणी खोडाला लाल पट्टा ओढलेला असतो. बिब्ब्याखाली उभं राहून उतलेला माणूस ज्यानं पाहिलाय त्याला जास्त समजावं लागत नाही.

बॅग भरताना भाच्याची एक चड्डी मी बाहेर काढायला लावली. मापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली, लष्करी ठिपक्यांची. बार्बाडोस आणि डॉमिनिका दोन्हीकडे असा कपडा सामान्य माणसानं घालणं हा गुन्हा आहे. विमानतळावरच काढून घेतात. प्लगच्या दोन बेटांत दोन तऱ्हा: बार्बाडोसला अमेरिकेसारखा चपट्या पायांचा आणि ११५ व्होल्ट, डॉमिनिकाला आपल्यासारखे २३०. दोन विमानांच्या मधे एक अख्खी रात्र मोकळी ठेवली, कारण बेटांमधली छोटी विमानं वाऱ्याच्या आणि कंपनीच्या मर्जीवर असतात.

घरी फोन कधी करायचा, यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. आजी पहाटे सहाला अंगणात असते. तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे साडेआठ. ती वेळ ठरली. परतीचं तिकीट ३१ जानेवारीचं काढलं, कारण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बोंडू पडायच्या आत झाडांखालचं रान बेणून घ्यायचं आहे, आणि त्यासाठी माणसं आताच सांगून ठेवली आहेत.